एली मेचनिकॉफ आणि आपल्या पोटातील रहिवासी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील तीन-चार मुलांस ज्वर आला. डॉक्टरांनी तपासून प्रतिजैविक औषध दिले व ज्वर उतरला. परंतु पुढे आठ-दहा दिवस कोणाचे पोट फुगे, कोणास दिवसातून चार वेळा शौचास जावे लागे, तर कोणास अन्नावर वासनाच होईना. मुलास भेटावयास आलेल्या एका मातेने आम्हांस विचारले की, औषधाने ताप गेला हे देवाचे उपकार, पण पोट बिघडले त्यास आता काय करावे; दुकानात महागड्या कॅप्सूल मिळतात त्या आणाव्या, की घरचे ताकच पुरे होईल? प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर शोधू लागताच आम्हांस शंभराहून अधिक वर्षे मागे, पॅरिस शहरातील एका प्रयोगशाळेपर्यंत जावे लागले. तेथे एली मेचनिकॉफ नावाचे एक थोर शास्त्रज्ञ रोज नेमाने आंबविलेले दूध पीत व आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा विचार करीत. त्या मातेच्या प्रश्नाचे पुरते उत्तर त्यांनाही देता आले नाही. काही बाबतीत तर ते चुकले. तथापि आपल्या पोटात जे असंख्य जीव वस्ती करून आहेत, त्यांवर आपले आरोग्य अवलंबून असते, ही गोष्ट जगाच्या कानी प्रथम त्यांनीच घातली. म्हणून त्यांचे अल्पचरित्र आम्ही यंदा आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सादर करीत आहोत.

इसवी सन १८४५ च्या मे महिन्यात, तत्कालीन रशियन साम्राज्यातील व आज युक्रेन देशात मोडणाऱ्या खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात एलीचा जन्म झाला. वडील बादशहाच्या खास सैन्यात अधिकारी होते; आई ज्यू कुळातील असून मोठी बुद्धिमान होती. पाच भावंडांत एली शेंडेफळ. वडील भावास शिकविण्याकरिता एक तरुण विद्यार्थी घरी ठेविला होता. त्याच्यासंगे रानोमाळ हिंडताना झाडेझुडपे व किडेमकोडे ह्यांची गोडी लागली ती मात्र धाकट्या एलीस. आठ वर्षांचा असताच तो वनस्पतींची टिपणे लिही, आणि भावंडांस व शेजारच्या मुलांस जमवून त्यांच्यापुढे व्याख्याने देई. श्रोते मध्येच पळून जाऊ नयेत म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून तो त्यांस नाणी वाटी. शिक्षकाने पदरचे पैसे देऊन पाठ ऐकविण्याची ही रीत आमच्या शाळेतही सुरू व्हावी, अशी सूचना काही बालवाचकांकडून येईल हे आम्ही जाणून आहो. परंतु त्यांनी आधी एलीप्रमाणे अभ्यास करून दाखवावा, म्हणजे त्या सूचनेचा विचार करता येईल.

खारकोव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत उरकला व १८६४ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, पदवी मिळविली. पुढे जर्मनीतील विद्यापीठांत व इटलीतील नेपल्सच्या समुद्रकिनारी राहून त्याने लहानसहान जलचर प्राण्यांचा अभ्यास केला. १८६५ साली एका क्षुद्र चपट्या कृमीचे निरीक्षण करीत असता त्याच्या दृष्टीस एक चमत्कारिक गोष्ट पडली. आपले अन्न जसे पोटातील रसांनी पचते तसे त्या कृमीचे पचत नव्हते. त्याच्या शरीरातील एकेक पेशी अन्नाचा कण गिळून आपल्या पोटातच जिरवीत होती. हे निरीक्षण त्या वेळी कोणास मोठेसे महत्त्वाचे वाटले नाही. परंतु खऱ्या अभ्यासकाच्या मनात पडलेले बी वाया जात नाही. ह्या बीजास पुढे सतरा वर्षांनी अंकुर फुटला.

ओडेसा येथील नव्या विद्यापीठात मेचनिकॉफ ह्यांस अध्यापकाची जागा मिळाली. १८६९ साली त्यांचा विवाह झाला. परंतु वधू ल्युडमिला ही क्षयरोगाने इतकी क्षीण झाली होती की, विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पत्नीस हवापालटासाठी कोठे कोठे न्यावे, औषधोपचारास पैसे पुरावेत म्हणून रात्रंदिवस खपावे, स्वतःचे डोळे अधू झाले तरी काम सोडू नये, अशी चार वर्षे गेली. अखेर १८७३ साली मदेरा बेटावर ती देवाघरी गेली. दुःखाच्या भरात मेचनिकॉफ ह्यांनी आपले जीवन संपविण्याचा अविचार केला. सुदैवाने ते वाचले. जिनिव्हा येथील नदीच्या पुलावरून जाताना दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांस दिसले, आणि इतके अल्पायुषी जीव निसर्गात टिकून कसे राहतात, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्या एका प्रश्नाने त्यांस पुन्हा जगाकडे ओढून आणिले. ज्यांच्या मनावर कधी असा अंधार दाटेल, त्यांनी हा प्रसंग आठवावा व आपले दुःख विश्वासाच्या माणसापाशी बोलून दाखवावे. अंधारापलीकडे केवढे कार्य आपली वाट पाहत आहे हे त्या घटकेस कोणासच दिसत नसते.

१८७५ साली ओल्गा नावाच्या सुशील तरुणीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ही बाई पुढे त्यांची सहकारी झाली आणि त्यांच्या पश्चात तिने त्यांचे चरित्र लिहिले. १८८० साली तिलाही विषमज्वराने गाठले. ती मोठ्या कष्टाने वाचली. त्यानंतर, उलटून उलटून येणारा एक प्रकारचा ज्वर रक्तातून पसरतो की काय हे पाहण्यासाठी मेचनिकॉफ ह्यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले व ते मरणाच्या दारी जाऊन परत आले. जे दुसऱ्यास सांगावयाचे ते आधी स्वतःवर करून पाहावे, हा त्यांचा स्वभावच होता. रशियात राजकीय धामधूम माजल्यामुळे १८८२ साली त्यांनी ओडेसाची जागा सोडली, आणि ते कुटुंबासह सिसिली बेटावरील मेसिना शहरी समुद्रकाठी राहावयास गेले.

तेथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस उगवला. डिसेंबर महिना होता. घरची मंडळी माकडांचे खेळ पाहावयास सर्कशीस गेली होती, आणि मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसले होते. यंत्राखाली तारामाशाचे डिंभक होते. ते काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे त्याच्या आत फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत. पाहता पाहता त्यांच्या मनात विचार चमकला की, ह्या फिरत्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी तर नसतील? बाहेरून शत्रू शिरला तर त्या त्यावर तुटून पडत असतील काय? ते उठले, अंगणातील गुलाबाचे बारीक काटे आणिले व डिंभकाच्या कातड्याखाली टोचले. त्याच अंगणात मुलांकरिता नाताळासाठी संत्र्याच्या जातीचे एक लहान झाड शृंगारून ठेविले होते. त्या रात्री त्यांस झोप आली नाही. पहाटे उठून पाहतात तो काट्याभोवती पेशींची दाटी झालेली! आपल्या बोटात काटा मोडून राहिला की तेथे पू होतो. तो पू म्हणजे काय, ह्याचे उत्तर त्यांस त्या पहाटे मिळाले. कृमीच्या पेशी अन्न गिळत, तशाच ह्या पेशी शत्रूस गिळत होत्या. त्यांस पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले.

पाण्यातील पिसवेच्या अंगात शिरलेल्या बुरशीचे बीज तिच्या पेशी कशा गिळतात, हेही त्यांनी १८८४ साली दाखवून दिले. तथापि मोठमोठ्या पंडितांनी त्यांची थट्टा केली. शरीराचे रक्षण रक्तातील रस करतात, पेशी नव्हेत, असे त्या काळच्या पुष्कळ जर्मन विद्वानांचे मत होते, व हा वाद वीस वर्षे चालला. १८८८ साली लुई पाश्चर ह्यांनी पॅरिस येथील आपल्या नव्या संस्थेत मेचनिकॉफ ह्यांस प्रयोगशाळा दिली. तेथेच त्यांनी आयुष्याची उरलेली अठ्ठावीस वर्षे काढिली. १९०८ साली नोबेल पारितोषिक देताना मेचनिकॉफ व जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख ह्यांचा एकत्र गौरव करण्यात आला. एक पेशींचा कैवारी, तर दुसरा रक्तरसाचा. दोघांचेही खरे होते, हे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास ठाऊक आहे.

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. १८९२ साली पॅरिसच्या आसपास पटकीची साथ आली. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपैकी एकास पटकी होते व दुसऱ्यास होत नाही, हे कसे? ह्याचा छडा लावण्यासाठी मेचनिकॉफ ह्यांनी पटकीचे जंतू घातलेले पाणी स्वतः प्राशन केले! त्यांस काहीच झाले नाही. मग प्रयोगशाळेतील दुसऱ्या एकाने घेतले. त्यासही बाधा झाली नाही. तिसऱ्या तरुणाने घेतले मात्र, आणि त्यास पटकीने असे घेरले की त्याचे प्राण कंठाशी आले. तो वाचला; परंतु आपल्यामुळे एका तरुणाचा जीव जाऊ पाहत होता, ह्या विचाराने मेचनिकॉफ हादरून गेले. असे प्रयोग आज कोणी करू नयेत, व कायदाही ते करू देणार नाही. परंतु त्या प्रसंगाने एक प्रश्न पुढे ठेविला. जंतू तेच, मात्राही तीच, मग फळ निराळे का? मेचनिकॉफ ह्यांनी पटकीचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही शेजारी त्यांस वाढू देत, तर काही त्यांची वाढ खुंटवीत. ह्यावरून त्यांनी अनुमान केले की, मनुष्याच्या आतड्यात आधीपासून कोण वस्तीस आहे, ह्यावर नव्या शत्रूस थारा मिळणे न मिळणे अवलंबून असते. ज्या गावात घरोघर माणसे नांदत आहेत तेथे चोरास राहावयास जागा मिळत नाही. ओस पडलेल्या गावात मात्र तो खुशाल ठाण मांडून बसतो. आमच्या मते मेचनिकॉफ ह्यांच्या साऱ्या आतड्याविषयक विचारांत हे एक अनुमान सोन्यासारखे आहे.

त्याच वर्षी, त्याच संस्थेत, मेचनिकॉफ ह्यांचा ओडेसाचा एक शिष्य पटकीवर लस तयार करीत होता, आणि ती त्याने १८ जुलै १८९२ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. गुरूने जंतू प्यावे, शिष्याने जंतू टोचून घ्यावे, असा तो गुरुकुलाचा बाणा! ह्या शिष्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. महाराष्ट्रात हे नाव कोणास ठाऊक नाही? १८९३ साली ते कलकत्त्यास आले. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वर म्हणजे प्लेग उसळला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत बसून त्यांनी प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवर आजमावली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा गेली, व तिलाच १९२५ सालापासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले. मेसिनाच्या अंगणातील गुलाबाच्या काट्यापासून निघालेला धागा असा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

वयाची पन्नाशी उलटल्यावर मेचनिकॉफ ह्यांचे लक्ष वार्धक्याकडे लागले. मनुष्य इतक्या लवकर का थकतो? त्यांस वाटले की, ह्याचे मूळ मोठ्या आतड्यात आहे. तेथे अन्न कुजविणारे जंतू विष तयार करतात व ते विष हळूहळू सर्वांगास पोखरते. दूध आंबले म्हणजे ते नासत नाही, ही गोष्ट आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच न्यायाने, दूध आंबविणारे जंतू पोटात गेल्यास तेथील कुजणे थांबेल, असा त्यांनी तर्क केला. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पुष्कळ पितात व दीर्घायुषी असतात असे त्यांच्या ऐकण्यात आले होते. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरॉव्ह नावाच्या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हा येथे त्या दुधातील मुख्य जंतू शोधून काढिला. मेचनिकॉफ ह्यांच्याच संस्थेतील हेन्री टिसिए ह्यांनी १८९९ साली अंगावर पिणाऱ्या निरोगी बालकांच्या मलात एक विशिष्ट फाटेफुटीचा जंतू विपुल असतो असे दाखविले होते, व पुढे जुलाब होणाऱ्या बालकांस तो द्यावा असेही सुचविले. अशा रीतीने जंतू म्हणजे केवळ वैरी, ही समजूत ज्या संस्थेने दृढ केली होती, तिच्याच आवारात जंतू हा मित्रही असू शकतो ह्या विचाराने जन्म घेतला.

१९०४ साली पॅरिस येथे दिलेल्या व्याख्यानात मेचनिकॉफ ह्यांनी हे विचार मांडले मात्र, वर्तमानपत्रांनी जिकडे तिकडे गवगवा केला की म्हातारपणावर औषध सापडले! दुकानदारांनी आंबट दुधाच्या बाटल्या व वड्या विकावयास काढिल्या. मेचनिकॉफ ह्यांनी एक लहानशी पुस्तिका लिहून बजाविले की, आंबट दूध हे काही अमृत नव्हे, व ह्या प्रश्नाचा निकाल पुढे केव्हा तरी लागावयाचा आहे. परंतु गर्दीत ते कोण ऐकतो? ह्याहूनही वाईट गोष्ट म्हणजे, मोठे आतडे निरुपयोगी आहे हे त्यांचे मत उचलून लंडनच्या एका नामांकित शल्यवैद्याने ते कापून काढण्याचा सपाटा चालविला, व त्यात कित्येक रोगी दगावले. थोर पुरुषाचा अंदाज आणि थोर पुरुषाने सिद्ध केलेली गोष्ट ह्यांतील अंतर लोक विसरले म्हणजे काय होते, ह्याचे हे उदाहरण आहे. आज आम्हांस माहीत आहे की, मोठ्या आतड्यातील बहुसंख्य जंतू निरुपद्रवी किंवा उपकारक आहेत. आपण पचवू शकत नाही असा कोंडाचोथा ते आंबवितात, त्यापासून आतड्याच्या अस्तराचे पोषण करणारी द्रव्ये तयार करतात, आणि उपऱ्या जंतूंस अटकाव करतात. मेचनिकॉफ ह्यांनी ज्यांस चोर ठरविले, त्यांतील पुष्कळजण रखवालदारच होते.

मेचनिकॉफ हे ईश्वर मानणारे नव्हते. शास्त्राच्या बळावर मृत्यूचे भय जिंकता येईल असा त्यांचा विश्वास होता. मिशनच्या शाळेच्या अंकात ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमची श्रद्धा निराळी आहे. परंतु सत्याचा शोध करताना जो स्वतःच्या शरीरास आधी पणास लावतो, त्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. त्यांस शंभरीच्या पलीकडचे आयुष्य शक्य वाटे. प्रत्यक्षात १५ जुलै १९१६ रोजी, महायुद्ध चालू असता, हृदयविकाराने एकाहत्तराव्या वर्षी ते निवर्तले. स्तोत्रकर्त्याने मानवी आयुष्याची जी मर्यादा सांगितली, तिच्या किंचित पुढे. तथापि अखेरच्या घटकेसही त्यांचा बाणा सुटला नाही. आपल्या देहाचे विच्छेदन करून आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यास सांगून ठेविले होते! आपला तर्क खरा की खोटा हे मरणानंतरही पडताळून पाहावे, अशी इच्छा किती जण धरतात? त्यांच्या रक्षेचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेविला आहे.

त्यांच्या तर्काची पारख पुढे झाली. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात रेटगर व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, तो बल्गेरियन जंतू मनुष्याच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही. तो पाहुण्यासारखा येतो व निघून जातो. नंतर १९२८ साली फ्लेमिंग ह्यांस पेनिसिलिन सापडले, १९४१ पासून ते रोग्यांस मिळू लागले, व प्रतिजैविकांचे युग सुरू झाले. ह्या औषधांनी लक्षावधी प्राण वाचविले आहेत, हे प्रथम कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु घशातील शत्रूस मारावयास निघालेले औषध आतड्यातील मित्रांसही ओळखत नाही. मनुष्याच्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडिला. औषधाने त्यांतील कित्येक मरतात व वस्ती विस्कळीत होते. म्हणूनच आमच्या मुलांची पोटे बिघडली. कधी कधी ह्या ओसाड जागेत एक घातक जंतू माजतो व रोग्यास भयंकर जुलाब होतात. ह्याचे कारण १९७८ साली उमगले. अशा हट्टी रोगात निरोगी मनुष्याच्या मलातील जंतू रोग्याच्या आतड्यात सोडल्यास बहुतेकांस गुण येतो, हे २०१३ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. ओस गावाविषयीचे मेचनिकॉफ ह्यांचे जुने अनुमान असे खरे ठरले.

मग ही मोडलेली वस्ती पुन्हा कशी वसते? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी पुरुषांस चार दिवस तीन प्रबळ प्रतिजैविके दिली. सुमारे दीड महिन्यात त्यांच्या आतड्यातील वस्ती बहुतांशी पूर्ववत झाली. परंतु नेहमी आढळणाऱ्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत दिसल्या नाहीत. त्याच वर्षी इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी आणखी आश्चर्याची गोष्ट दाखविली. प्रतिजैविकांनंतर ज्यांस उपकारक जंतूंच्या कॅप्सूल दिल्या, त्यांची मूळची वस्ती परत येण्यास, काहीच न दिलेल्यांपेक्षा अधिक काळ लागला; जणू काही पाहुण्यांनीच घर अडविले. दुसऱ्या पक्षी, औषध चालू असताना असे काही जंतू दिल्यास मुलांस होणारे जुलाब कमी होतात, असेही अनेक प्रयोगांत आढळले आहे. तात्पर्य, ह्या कॅप्सूल निरुपयोगी नाहीत व सर्वांस आवश्यकही नाहीत. कोणास द्यावयाच्या हे डॉक्टरांनी ठरवावे. फार अशक्त व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रोग्यांस तर त्या सल्ल्यावाचून देऊच नयेत.

त्या मातेस आम्ही जे सांगितले ते येथे लिहितो. बिघडलेले पोट मुख्यतः आत उरलेले जुने रहिवासीच सावरतात. आपले काम त्यांस अन्न व अवसर देण्याचे. त्यांचे अन्न आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रथम दोन दिवस मऊ भात, ज्वारीच्या कण्या, मुगाचे वरण असे हलके द्यावे. पोट स्थिरावले की शाळूची भाकरी, हुलग्याचे माडगे, पालेभाज्या व फळे क्रमाने वाढवावी. कारण ह्यांतील कोंडाचोथा हाच त्या रहिवाशांचा घास आहे. ताज्या दह्याचे पातळ ताक व आंबील ही उत्तम आहेत. आंबविलेले पदार्थ नेमाने खाणाऱ्यांच्या आतड्यातील जंतूंचे वैविध्य वाढते, असे २०२१ साली अमेरिकेत छत्तीस जणांवर केलेल्या प्रयोगात दिसून आले. परंतु काही प्रतिजैविके दूध-दह्याबरोबर घेतली असता त्यांचा गुण कमी येतो. तेव्हा मध्ये किती अंतर ठेवावे हे डॉक्टरांस विचारून घ्यावे. जुलाब होत असतील तर जलसंजीवनी पाजीत राहावे. मलावाटे रक्त पडले, ताप पुन्हा चढला, मूल मलूल झाले किंवा पाण्यासारखे जुलाब थांबेनात, तर ताकावर विसंबून घरी बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, व तीच सर्वांत महत्त्वाची. पोट सावरण्याचा उत्तम उपाय म्हणजे ते विनाकारण बिघडू न देणे. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकाचा काडीइतका उपयोग होत नाही, कारण तो रोग ज्या विषाणूंमुळे होतो त्यांवर हे औषध चालतच नाही. तरीही आठवडे बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानात जाऊन, चिठ्ठीवाचून, कालच्या शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी मागणारे लोक आम्ही पाहतो. अर्ध्या गोळ्या घेऊन बऱ्या वाटताच उरलेल्या फडताळात पुढच्या आजारासाठी जपून ठेवणारी घरेही आम्हांस ठाऊक आहेत. सरकारने २०१४ सालापासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक केले आहे. परंतु घरातल्या फडताळावर कायद्याची नजर पोहोचत नाही, तेथे शहाणपणच पाहिजे. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. न सांगितलेले मुळीच घेऊ नये. अन्यथा मित्र मरतात, आणि शत्रू मात्र औषधास न जुमानण्याइतके निर्ढावतात.

असो. आमच्या वसतिगृहातील मुले पंधरवड्यात हिंडूफिरू लागली. एकाचे पोट मात्र महिनाभर कुरकुरत होते. त्याच्या आईने कॅप्सूल आणिल्या नाहीत. डॉक्टरांस विचारून ती दर रविवारी घरच्या दह्याचे भांडे व भाकऱ्यांची चवड घेऊन येई. ते दही मुलास किती उपयोगी पडले व नुसत्या काळाने किती काम केले, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मेचनिकॉफ जिवंत असते तर त्यांनीही पारख केल्यावाचून सांगितले नसते, अशी आमची समजूत आहे. विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या चरित्रातून ताक पिण्याचा धडा घ्या, तो चांगलाच आहे. परंतु आपला आवडता विचारही तपासून पाहण्याचा, आणि तो चुकीचा ठरल्यास सोडून देण्याचा जो धडा त्यात आहे, तो त्याहून दुर्मिळ आहे. पुढे तुमच्यापैकी कोणी परळच्या त्या जुन्या वास्तूत किंवा दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसेल, तेव्हा घरची मंडळी सर्कशीस गेली असता एकट्याने गुलाबाचा काटा शोधणाऱ्या त्या मनुष्याची त्यास आठवण व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.